बाबांनी घातलेली घडी

मी एक जुनी ट्यूब आहे; पण मित्रांनो, चाकातली नव्हे, पिशवीतली. चाकातल्या ट्यूबची गोष्ट सांगायला सोपी असते. ती फिरते, तापते, काटा लागला की फुस्सकन बसते आणि अंगावर ठिगळे मिरवत म्हातारी होते. माझे तसे झाले नाही. मी सायकलच्या सीटखाली बांधलेल्या पिशवीत बसून वर्षानुवर्षे डोंगर हिंडले आणि स्वतः एकदाही रस्त्याला लागले नाही. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ना, तशी माझी यात्रा झाली. मात्र त्या यात्रेत एक दिवस असा आला, की त्याची आठवण झाली की अजूनही माझे रबर आखडते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम साच्यात मला फुगवून भाजले, बुडाशी पितळी व्हॉल्व्ह बसवला, अंगाला पांढरी पावडर चोळली आणि खोक्यात भरले. साध्या सायकलची ट्यूब मुठीत मावते. माझा घेर मात्र माणसाच्या दंडाएवढा, कारण मी फॅट बाईकसाठी जन्मले होते. फॅट बाईक म्हणजे जाडजूड टायरची सायकल. ती वाळूतून जाते, मुरमावरून जाते, दगडधोंड्यांनाही जुमानत नाही. दुकानात आलेली गिऱ्हाइके मला हातात घेऊन विचारायची, "ही सायकलची म्हणायची का ट्रॅक्टरची?" मला त्याचा राग यायचा नाही. उलट जरा ताठाच यायचा.

मला विकत घेतले व्यंकटरावांनी. तेव्हा शहराच्या पाट्यांवर औरंगाबाद असे लिहिलेले होते. व्यंकटराव पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शिडशिडीत, कोणतेही काम हातात घेतले की ते पुरते करूनच उठणारे गृहस्थ होते. त्यांची मुलगी अश्लेषा वाळूजच्या एका कंपनीत नकाशे काढायच्या कामावर होती आणि तिने नुकतीच हौसेने फॅट बाईक घेतली होती. सायकल बाहेर उभी होती आणि व्यंकटराव दुकानदाराला म्हणत होते, "हिची स्टेपनी द्या."

अश्लेषा हसली. "बाबा, स्टेपनी मोटारीला असते. पंक्चर झालं तर काढून घेईन ना मी कुठंतरी."

"डोंगरात पंक्चरवाला दुकान टाकून बसलाय का तुझ्यासाठी?" व्यंकटराव म्हणाले. "तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, आशू."

अशी मी त्यांच्या घरी आले. जुन्या वसाहतीतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचे घर होते. तिथे आल्यावर मला कळले, की या घरात अडीअडचणीसाठी ठेवलेली मी एकटीच नाही. किल्लीचा दुसरा जोड शेजारच्या काकासाहेबांकडे असायचा. चष्मा दुसरा होता, बॅटरी दुसरी होती, गॅसच्या शेगडीचे बटणसुद्धा दुसरे आणून ठेवलेले होते. व्यंकटरावांच्या पत्नी भानुमतीबाई म्हणायच्या, "माझी तेवढी दुसरी आणून ठेवली नाही यांनी, हेच नशीब!"

व्यंकटरावांनी मला घडी घालून, दोन ठिकाणी रबरबँड लावून, जाड कापडाच्या पिशवीत ठेवले आणि ती पिशवी सीटखाली पट्ट्याने आवळली. दर रविवारी पहाटे अश्लेषा निघायची. हर्सूलच्या तलावाला वळसा घालून ती जटवाड्याच्या डोंगराकडे जायची. तिथे बाभळींच्या मधून एक पायवाट चढत होती. चाकाखाली खडी करकरायची, टेकाडावर वारा लागायचा आणि मी सीटखाली डुलत असायची. खरे सांगते, आतल्या ट्यूबचा मला हेवा वाटायचा. तिच्यावर अश्लेषाचा भार होता आणि माझ्यावर नुसती धूळ.

वर्षातून एकदा मात्र माझा मान असायचा. दसऱ्याला घरोघरी हत्यारांची, वाहनांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहेच. व्यंकटरावांचा त्यात स्वतःचा एक नियम होता: आधी तपासणी, मग पूजा. ते मला पिशवीतून काढायचे, घडी मोडायचे, थोडी हवा भरायचे आणि बादलीभर पाण्यात बुडवून हळूहळू फिरवायचे. बुडबुडा येतो का, ते नाकाला पाणी लागेल इतके वाकून बघायचे. मग पुसून, सावलीत वाळवून, पावडर लावून माझी पुन्हा घडी घालायचे. तीही दर वेळी वेगळ्या जागी. "एकाच ठिकाणी दुमडत राहिलं की रबर तिथंच चिरतं," असे ते अश्लेषाला सांगायचे. त्यानंतर कुठे हळदकुंकू, झेंडू आणि आपट्याचे पान.

मी त्यांच्याकडे आले ते वर्ष दुष्काळाचे होते. शहरात नळ कधीमधी यायचा. बादलीत डुंबणाऱ्या मला बघून भानुमतीबाईंचा जीव वरखाली व्हायचा. "अहो, इथं माणसांना तांब्यातांब्याचा हिशेब आणि तुम्ही ट्यूबला न्हाऊ घालताय!"

"तेच पाणी घे नंतर फरशीला," ते म्हणायचे. "ट्यूब काही पाणी पीत नाही."

कधी कधी तलावाच्या बांधापर्यंत तेही लेकीबरोबर चालत यायचे. पाण्याकडे बघत एकदा ते म्हणाले होते, "आशू, जायकवाडीचं पाणी पाइपातून आलं आणि लोक या तलावाला विसरले. ही शहराची स्टेपनी आहे बघ. टंचाई आली की सगळे इकडंच धावत येतील आणि विचारतील, यात गाळ कसा साठला?" माझ्यासारखी दुसरी कुणीतरी आहे आणि तीही एवढी मोठी, हे ऐकून मला फार बरे वाटले होते.

पुढे एका श्रावणात साध्या तापाचे निमित्त झाले आणि व्यंकटराव गेले. अश्लेषाने बरेच महिने सायकलला हात लावला नाही. तो दसरा सुतकाच्या सावटातच सरला. पुढच्या दसऱ्याला भानुमतीबाईंनी सायकल पुसली, हँडलला माळ घातली आणि माझ्या पिशवीपाशी येऊन त्या थबकल्या.

"उघडून बघायची का गं ही?" त्यांनी विचारले.

"नको आई," अश्लेषा म्हणाली. "बाबांनी घातलेली घडी आहे ती. राहू दे तशीच."

भानुमतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पिशवीवरच हळदकुंकू वाहिले. मला गहिवरून आले. त्या घरात व्यंकटरावांच्या हाताची एवढी एकच घडी उरली होती आणि ती माझ्या अंगावर होती. देव्हाऱ्यात बसवल्यासारखा माझा मान वाढला. पण मित्रांनो, पिशवीच्या आत काय चालले होते ते मलाच ठाऊक होते. घडीच्या कोपऱ्यांवर रबर ताणले जाऊन कडक होत होते. उन्हाने पिशवी तापायची, खडीने थरथरायची, आणि जिथे मी दुमडलेली होते तिथे केसाएवढ्या रेघा उमटू लागल्या होत्या. मला ओरडून सांगता येत नव्हते. वस्तूला तोंड नसते, तिला उघडून बघावे लागते.

अश्लेषा पुन्हा रविवारी निघू लागली. मात्र शहर तोवर तिच्या पुढे धावू लागले होते. आमची पायवाट जिथून सुरू व्हायची, तिथे कुणीतरी पांढरे दगड रोवले. मग मुरमाचे रस्ते आले, कमानी आल्या, कमानींवर नगरांची नावे आली, आणि घरे उभी राहण्याआधीच बोअरच्या गाड्या येऊन जमिनीला भोके पाडू लागल्या. दर वर्षी पायवाट मागे सरकत होती. पूर्वी न्याहरीच्या वेळेला घरी पोचणारी अश्लेषा आता डोंगर गाठायलाच तेवढा वेळ घेऊ लागली.

मग पुन्हा दुष्काळ आला, आणि हा पहिल्यापेक्षा मोठा होता. धरण तळाला गेले. हर्सूलच्या तलावात जनावरे चरताना दिसू लागली. आमच्या वसाहतीत पाणी आठवड्यातून एकदा यायचे, तेही इतके बारीक, की जिन्यावर चढायचेच नाही. सगळी बिऱ्हाडे खालच्या नळावर भांडी लावायची आणि भरलेल्या बादल्या हाताने वर न्यायची. भानुमतीबाईंचे गुडघे धरलेले होते. त्यामुळे पाण्याच्या दिवशी बादल्या वाहायचे काम अश्लेषाचे, हे ठरून गेले होते.

मे महिन्यात एकदा पाण्याचा दिवस रविवारी आला. अश्लेषा जायला नको म्हणत होती. भानुमतीबाईंनीच तिला लोटले. "जाऊन ये गं. आठवडाभर त्या कंपनीत कोंडलेली असतेस. पाणी काही दुपारच्या आत येत नाही."

"येते मी लवकर," अश्लेषा बूट घालता घालता म्हणाली. "पण आई, समजा उशीर झालाच, तर तू एक तांब्यासुद्धा वर आणायचा नाहीस. मला शब्द दे."

"दिला बाई, दिला."

आम्ही डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतो. उतार मोठा होता आणि दगडांवर धक्के बसू नयेत म्हणून अश्लेषाने टायरमधली हवा बरीच कमी केली होती. जाड टायरला ते चालते; पण फार कमी केली की टायर रिमवर घसरतो आणि आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ओढला जातो. तसेच झाले. तिने जोरात ब्रेक दाबला, आत काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि मागचे चाक बसले. आतली ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडापासून फाटली होती. तिथे ठिगळ धरत नाही.

अश्लेषा घाबरली नाही. तिने सायकल उलटी केली, चाक काढले आणि माझ्या पिशवीवर हलकेच थाप मारली. "बाबांची ट्यूब आहे ना," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, मी ज्या क्षणासाठी जन्मले होते तो हाच. तिने पिशवी उघडली. रबरबँड हात लावताच तुकडे होऊन गळून पडले. ती मला उलगडू लागली, अगदी सावकाश, जपून, आणि तिचे डोळे भरून आले होते. तिने मला टायरमध्ये बसवले, पंप लावला आणि हवा भरू लागली. मी पूर्ण जोर लावून ती हवा धरायला बघत होते. पण पहिल्या दुमडीतून सूं असा आवाज आला, मग दुसऱ्या दुमडीतून, मग तिसऱ्या. तिने मला बाहेर काढले. जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे मी चिरलेली होते. तिने त्या चिरांवरून बोट फिरवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फोनला तिथे रेंज नव्हती. मला हँडलला अडकवून ती सायकल ढकलत निघाली. ऊन माथ्यावर आले होते. बऱ्याच वेळाने खाली एक वस्ती दिसली. वस्ती म्हणजे शेतातले एकच घर, दारात कडुनिंब आणि त्याखाली एक म्हैस. तिथे फोनला रेंज आली. अश्लेषाने घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तिने काकासाहेबांना लावला. तोही कुणी उचलला नाही. दोन्ही घरी फोन उचलला जात नाही, याचा अर्थ एकच होता. नळ आला होता आणि सगळे खाली होते. आईसुद्धा.

घरातून एक बाई बाहेर आल्या. त्यांचे नाव आशाबाई. "कुठली गं तू? या उन्हाचं एकलीच आलीस व्हय? ये, सावलीला बस. पानी पी आधी."

अश्लेषा पाणी प्यायली. पण ती बसली नाही. ट्यूब नसली तर टायरमध्ये गवत ठासून भरले की सायकल कशीबशी चालते, हे तिने सायकलवाल्या मित्रांकडून ऐकले होते. ती म्हणाली, "मावशी, थोडं वाळलेलं गवत द्याल का? चाकात भरायचंय."

"चाकात?" आशाबाई म्हशीकडे बघत म्हणाल्या. "अन् हिच्याम्होरं काय टाकू? तुझं चाक? बाकीची जनावरं चारा छावनीला धाडली. ही दुभती हाय म्हनून ठिवलीय, तिला पुरंना झालंय."

अश्लेषाला हुंदका आवरेना. "मावशी, घरी आई एकटी आहे. तिचे गुडघे धरलेत. नळाला पाणी आलंय, आणि मी नाही गेले तर ती बादल्या घेऊन जिना चढेल."

आशाबाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग गोठ्यात जाऊन दोन पेंढ्या घेऊन आल्या. "पान्याचं नाव काढलंस, आता नाय कसं म्हनू? घे. आज अर्ध्या पोटी ऱ्हाईल म्हस, उद्याचं उद्या बघू."

दोघींनी मिळून गवत वळून टायरमध्ये ठासले. म्हैस मान वळवून बघत होती. दुष्काळात तिच्या तोंडचा घास माझ्या जागी भरला जात होता आणि मी हँडलला लोंबत तो बघत होते. एवढी लाज मला कधी वाटली नाही. जे काम माझे होते, ते एका मुक्या जनावराच्या पोटाला चिमटा काढून होत होते.

सायकल लंगडत, धडधडत निघाली. पांढऱ्या दगडांमधून, कमानींखालून, सुकलेल्या तलावाच्या कडेने अश्लेषाने ती कशी हाणली, ते तिचे तिलाच ठाऊक. आम्ही वसाहतीत शिरलो तेव्हा नळ गेलेला होता. जिन्याच्या पायऱ्या सांडलेल्या पाण्याने ओल्या होत्या आणि एक बादली कठड्याशी आडवी पडली होती. काकासाहेब फाटकातच उभे होते.

"अश्लेषा, घाबरू नकोस," ते म्हणाले. "वहिनींना दवाखान्यात नेलंय. एक बादली नेली होती वर, मला दिसल्याच नाहीत गं गर्दीत. दुसरी घेऊन चढताना पाय घसरला."

भानुमतीबाईंच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरी आल्या, तेव्हा दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणले. बैठकीच्या खोलीत त्यांची खाट पडली. समोरच्या भिंतीला सायकल टेकलेली होती आणि तिच्या हँडलवर मी तशीच लोंबत होते. अश्लेषा पुढच्या रविवारी गवताचा भारा टेम्पोत घालून आशाबाईंच्या वस्तीवर जाऊन आली. येताना त्यांनी आईसाठी लोटकेभर दही दिले होते. ते दही खाता खाता भानुमतीबाईंनी विचारले, "त्या दिवशी नेमकं झालं काय होतं गं?"

अश्लेषाने सगळे सांगितले. व्हॉल्व्हचे सांगितले, माझे सांगितले. शेवटी ती म्हणाली, "बाबांची घडी मोडायला जीव होत नव्हता गं माझा. तीच चिरत गेली."

भानुमतीबाईंनी माझ्याकडे बघितले. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "ते तर दर दसऱ्याला स्वतःच मोडायचे ती. तुझ्यादेखत मोडायचे. आणि मी तरी काय केलं? वरून कुंकू लावत बसले."

दोघी मायलेकी मग पोटभर रडल्या. मला वाटते, व्यंकटराव गेल्यानंतर त्या अशा पहिल्यांदाच रडल्या असाव्यात.

फेकून द्यावी अशीच माझी अवस्था होती. पण अश्लेषाने मला फेकले नाही. भानुमतीबाईंना चालायला वॉकर आणला होता. त्याच्या दांड्या गुळगुळीत होत्या, हाताला घाम आला की निसटायच्या. अश्लेषाने कात्री घेतली आणि चिरांमधले माझे चांगले भाग निवडून पट्ट्या कापल्या. त्या तिने दांड्यांवर घट्ट गुंडाळल्या. ज्या अंगावर चाकाचा भार यायचा होता, त्यावर आता एका बाईचा भार येतो. सीटखाली दुसरी ट्यूब आली आहे. तिची घडी अश्लेषा वरचेवर मोडते आणि वेगळ्या जागी घालते.

मित्रांनो, मी तुम्हाला उपदेश करणारी कोण? आयुष्यात एकदा माझी गरज पडली आणि तेव्हाच मी कामाला आले नाही. तरी एक मागणे मागते. तुमच्या घरात अडीअडचणीसाठी ठेवलेले काहीतरी असेलच. माळ्यावरची दोरी असेल, कपाटातली औषधे असतील, अंगणातला बुजलेला आड असेल, किंवा माझ्यासारखी एखादी ट्यूब असेल. त्यावर कुणा गेलेल्या माणसाचा हात फिरलेला असेल, तर ती वस्तू जास्तच वेळा उघडा. त्या माणसाने ती तुमच्या उपयोगासाठी ठेवली होती, नमस्कारासाठी नव्हे. घडी मोडली म्हणून माया मोडत नाही.

आजही आमच्याकडे पाणी नेमल्या दिवशीच येते. खाली भांड्यांचा आवाज सुरू झाला की भानुमतीबाई उठतात आणि मला धरून, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत जातात. अश्लेषा भरलेल्या बादल्या घेऊन वर येत असते. अर्ध्या जिन्यातूनच ती ओरडते, "आई, तू तिथंच थांब गं!"

त्या तिथेच थांबतात. पायऱ्यांकडे बघत राहतात, आणि माझ्यावरची त्यांची पकड घट्ट होते.